होळी ते होळी

(रविवार, २४ मार्च २०१९ रोजी औरंगाबादला पुंडलिकनगरात झालेल्या वर्षाच्या बैठकीतलं भाषण. बोललं तसंच लिहून काढलं आहे. वस्तीवर ज्याला वाचता येतं त्याने बाकीच्यांना मोठ्याने वाचून दाखवावं.)



ऊन चढायच्या आत बोलून घेतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली आहे, त्यामुळे यंदा मंडप नाही, कर्णा नाही, ही गच्चीच आपलं मैदान. मागे ऐकू येत नसेल तर पुढे सरका. पोरांना कठड्यापासून लांब ठेवा.

सरकारचं वर्ष ३१ मार्चला संपतं, व्यापाऱ्याचं दिवाळीला, आपलं होळीला. बुधवारी होळी पेटली. तुमच्यातल्या काहींच्या कानामागे अजून रंग आहे. दर वर्षी या बैठकीत आपण हिशोब वाचतो. दावे किती टाकले, किती परत आले, वर्गणी किती जमली, एसटीच्या भाड्यात किती गेली. तो आहेच, जेवणानंतर वाचू. आधी दुसरा हिशोब आहे. होळी ते होळी या वर्षात आपल्यावर कुणाकुणाचं देणं झालं, तो. तो कुठल्या वहीत नाही, म्हणून तोंडाने सांगतो. राहिलं असेल ते तुम्ही भरा.

गेल्या वर्षीची होळी १ मार्चला होती. राख निवते न निवते तोच आपण नाशिकला. हाक किसान सभेची होती, झेंडा त्यांचा, टोप्या त्यांच्या. आपण कन्नड-सोयगावच्या डोंगरातले मूठभर लोक त्यांच्यात जाऊन मिसळलो. तुम्ही कुठले, कुणाचे, असं एकानेही विचारलं नाही. ६ मार्चला सीबीएस चौकातून निघालो. सुरगाण्याचे, पेठचे, दिंडोरीचे, कळवणचे, तिकडे डहाणू-तलासरीचे. कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल. पुढचं टोक दिसत नव्हतं, मागचंही नाही. मुंबई तिथून सुमारे १८० किलोमीटर. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तोवर मुंबई पाहिली नव्हती, आणि पाहिली तर अशी, पायाखालून.

डांबर तापायचं. चपलेचा अंगठा तुटला की सुतळी बांधायची, सुतळी तुटली की चप्पल हातात. तो फोटो तुम्ही सगळ्यांनी मोबाइलवर बघितला असेल, सोललेल्या तळपायांचा. ती बाई आपल्या वस्तीची नव्हती. पण आपल्या काकूंचे पाय तसेच झाले होते, त्यांचा फोटो कुणी काढला नाही एवढंच.

११ मार्चला संध्याकाळी सायनजवळच्या सोमय्या मैदानावर पोचलो. पाठ टेकली आणि निरोप फिरला की झोपू नका, रात्रीच निघायचं आहे. कारण सकाळी मुंबईच्या पोरांचा दहावीचा पेपर. दिवसा पन्नास हजार माणूस रस्त्यावर उतरलं तर पोरं परीक्षेला पोचायची कशी? खरं सांगायचं तर आपल्यात कुरकुर झाली. एक जण म्हणाला, आपल्या पोरांची शाळा पावसाळ्यात ओढ्यापायी बंद असते, तेव्हा कोण थांबतं आपल्यासाठी? बोलणं खोटं नव्हतं. उत्तर कुणाजवळ नव्हतं. काकू उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, “पेपर पोराचा आहे, सायबाचा नाही. चला.” आणि आपण चाललो. पाच दिवस चालून आलेलं माणूस मध्यरात्री उठून पुन्हा चाललं, आवाज न करता.

त्या रात्रीबद्दल पेपरांत पुष्कळ लिहून आलं, आपली वाहवा झाली. पण देणं त्याच्या उलट बाजूला आहे. रस्त्याच्या कडेला वस्त्यांमधले लोक पाणी घेऊन उभे होते. बिस्किटाचे पुडे होते, चपला होत्या. डॉक्टर लोकांनी जमिनीवर बसून आपले पाय मांडीवर घेतले, धुतले, मलम लावलं. डबेवाल्यांनी जेवण दिलं. ज्यांच्या घरात आपल्यासारखीच ओढाताण, त्यांनीच जास्त दिलं, हेही सांगितलं पाहिजे. एका बाईने पायातली चप्पल काढून काकूंपुढे ठेवली आणि ती अनवाणी घरी गेली. काकू आज तीच चप्पल घालून आल्या आहेत. एक अंगठा नवा टाकलाय. त्या बाईचं नाव आपल्याला माहीत नाही, गाव तर मुंबई, कुठे शोधणार? ते देणं फेडता यायचं नाही. लिहून ठेवू.

१२ मार्चला आझाद मैदानावर बसलो. विधानभवनात बोलणी झाली, सरकारने लेखी दिलं. वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू. रात्री भुसावळकडे जाणाऱ्या खास गाड्या सोडल्या, त्यांत बसून परत आलो. गाडीत कुणी गाणी म्हटली, बहुतेक जण पाय वर घेऊन झोपले.

सहा महिने म्हणजे सप्टेंबर. सप्टेंबर आला आणि गेला.

तरी काहीच झालं नाही असं म्हणू नका. आपल्या काही घरांत वनपट्ट्याचं प्रमाणपत्र आलं. थोड्याच घरांत आलं, पण आलं. कायद्याचं कलम ४(४) आपण किती वेळा वाचलं असेल: लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने, विकता येणार नाही, वारसाला मिळणार. वाचणं वेगळं आणि बघणं वेगळं. पट्टा आला त्या दिवशी आपली एक बाई म्हणाली, माझं नाव कुठलं ते बोट ठेवून दाखवा. दाखवलं. पुन्हा म्हणाली दाखवा. तीनदा दाखवलं. जन्मापासून त्या जमिनीत ती वाकलेली, आधी आईमागे, मग सासूमागे, पण कागदावर तिचं नाव म्हणजे रेशनकार्ड आणि मतदार यादी. मग तिने स्वतः बोट ठेवलं आणि काढलं नाही. नवरा शेजारी उभा, त्याने हळूच विचारलं, “पण आधी माझं आहे ना?” (हशा.) हसता काय, तो इथेच बसलाय.

पाऊस मात्र गेला. तुम्हाला काय सांगायचं? मका करपला, कपाशीला दुसरी वेचणी झाली नाही. ३१ ऑक्टोबरला सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तोवर आपली अर्धी वस्ती रिकामी झाली होती. कुणी कोयता घेऊन उसाला गेलं, कुणी वीटभट्टीवर, बाकीचे इथे. ही पुंडलिकनगरची खोली पूर्वी आपली उतरायची जागा होती. सुनावणीला शहरात यायचं, रात्री पाठ टेकायची, सकाळी कागद घेऊन कचेरीत जायचं. यंदा ती राहायची जागा झाली. दहा बाय दहाच्या खोलीत अकरा माणसं. सकाळी नाक्यावर उभं राहायचं, काम मिळालं तर स्लॅब, गिलावा, नाही तर परत.

डिसेंबरात आपला एक पोरगा परांचीवरून पडला. बावीस वर्षांचा. नाव घेत नाही, त्याची आई मागे बसली आहे. काम कुणाचं होतं, पट्टा का बांधला नव्हता, त्याचं जे करायचं ते चालू आहे, इथे बोलत नाही. बोलायचं आहे ते या गल्लीबद्दल. बातमी आली तेव्हा आपल्यातलं कुणी खोलीवर नव्हतं. खालच्या मावशी, ज्यांच्या गच्चीवर आपण आत्ता बसलोय, त्या हातातला तवा टाकून धावल्या. रिक्षावाल्याने मीटर पाडलं नाही. पोरगा वाचला नाही. रात्री गल्लीत वर्गणी फिरली, टेम्पो ठरला. मावशी त्या टेम्पोत आपल्याबरोबर डोंगरापर्यंत आल्या. घाटातल्या वळणांना त्यांना ओकाऱ्या होत होत्या, तरी पोराच्या आईचा हात त्यांनी सोडला नाही. इथे नळाला रोज पाणी येत नाही, तुम्ही बघताच, लोक टाक्या भरून ठेवतात. त्या दिवशी मावशींची टाकी आपल्या माणसांसाठी रिकामी झाली. पुढचं पाणी येईपर्यंत त्यांनी काय केलं असेल, आम्ही विचारलंसुद्धा नाही. दोन महिन्यांचं भाडं त्यांनी घेतलं नाही. मावशी वर आल्या नाहीत, म्हणतात तुमच्या बैठकीत माझं काय काम? खाली जाताना प्रत्येकाने भेटून जा.

आता जे सांगायचं त्यात चूक आमची आहे. आम्ही म्हणजे कागदांचं काम बघणारे.

जानेवारीत आजा गेला. सगळ्या वस्त्यांचा आजा. वय विचारलं तर सांगायचा, बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडत होतो आणि थोरला पोरगा सुकडीसाठी रांगेत होता, आता तुम्हीच मोजा. कुठला बांध कुणी घातला, कुठल्या साली फुटला, पुन्हा कुणी रचला, सगळं त्याच्या डोक्यात. देवाची जागा कुठली, पुरलेली माणसं कुठे, जुनी वाट कुठून जायची. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य जाहीर झालं १९८६ला. आजाच्या हातचे बांध त्याच्या कितीतरी आधीचे. दाव्याला पुरावा काय काय चालतो ते नियम १३मध्ये आहे. सरकारी कागद चालतो, घर-विहीर-बांध अशा जमिनीवरच्या खुणा चालतात, आणि दावेदार सोडून गावातल्या जाणत्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबही चालतो. ज्यांच्याकडे एकही जुनी पावती नाही अशा घरांना आजाचा जबाब म्हणजे सोनं होतं.

आम्ही दोनदा त्याच्याकडे गेलो. पहिल्यांदा त्याला ताप होता, म्हटलं बरा होऊ दे. दुसऱ्यांदा गेलो तर आमच्याजवळ फॉर्म नव्हता. फॉर्म! जबाबाला फॉर्म लागत नाही, साध्या कागदावर चालतो, हे आम्हीच तुम्हाला शिकवलेलं. तरी कचेरीची सवय अशी लागली की छापील कागद नाही म्हणून परत आलो. आजा म्हणाला, बसा की, मी सांगतो. आम्ही चहा घेतला आणि निघालो. तिसऱ्यांदा गेलो ते मातीला.

मातीला पन्नास-साठ माणसं होती. प्रत्येक जण त्याची एकेक गोष्ट सांगत होता, त्याने आमच्यासाठी हे केलं, ते केलं. हे तो जिवंत असताना त्याच्यासमोर बसून कुणीच बोललं नव्हतं. आम्हीही नाही.

महिनाभरात फेब्रुवारी आला. आजाचा जबाब नसणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. २०-२१ तारखेला नाशिकहून पुन्हा मोर्चा निघाला होता, जुन्या आश्वासनांसाठीच. बोलणी होऊन तो थांबला. नेमक्या त्याच दिवसांत मोबाइलवर बातमी फिरली. सर्वोच्च न्यायालयाचा १३ फेब्रुवारीचा हुकूम, ज्यांचे दावे नामंजूर त्यांना जमिनीवरून काढा. देशभरात ११ लाखांच्या आसपास दावे. एकेका दाव्यामागे एकेक चूल. आठ दिवस वस्तीवर धड कुणी जेवलं नाही. एकाने कोंबड्या विकून टाकल्या, उठवलं तर कुठे घेऊन फिरू म्हणून. पट्टा मिळालेली घरंसुद्धा घाबरली, त्यांना वाटलं मिळालेलाही जातो की काय.

२८ फेब्रुवारीला न्यायालयाने स्वतःच्या त्या हुकुमाला स्थगिती दिली, १० जुलैपर्यंत. देशभर लोक रस्त्यावर आले, ठिकठिकाणच्या वकिलांनी, कार्यकर्त्यांनी रात्री जागवल्या. त्यांतल्या एकालाही आपण ओळखत नाही, तेही आपल्या हिशोबात आहेत. पण स्थगिती म्हणजे निकाल नव्हे. कोंबड्या परत आणा, पण झोपू नका. न्यायालयाने राज्यांना विचारलं आहे की तुम्ही हे दावे नामंजूर केलेत ते कुठल्या पद्धतीने. आणि हे तर आपल्यालाच सांगता येतं. आपण सांगायला हवं.

तुमच्यातल्या कितीजणांना नामंजुरीचा कागद हातात मिळाला? हात वर करा. ...बघा. काहींचे कागद एका कचेरीत गठ्ठ्यात सापडले, तेही आपला पोरगा दुसऱ्या कामाला गेला म्हणून. कारणाच्या जागी एक ओळ, सगळ्यांना तीच. २०१२ साली नियम दुरुस्त झाले त्यात साफ लिहिलंय. नामंजुरीची कारणं लेखी द्यायची, दावेदाराला कळवायचं, त्याला वर दाद मागायला ६० दिवस मिळतात. कळवलंच नाही तर ६० दिवस मोजायचे कधीपासून? काहींना सांगितलं, आकाशातून काढलेल्या फोटोत तुमचं शेत दिसत नाही. उन्हाळ्यात आपलं बरड शेत आणि शेजारचा माळ माणसाला जवळून वेगळा दिसत नाही, तो आकाशातून काय दिसणार? त्याच नियमांत आहे, तसा फोटो इतर पुराव्यांना जोड म्हणून चालेल, त्यांच्याऐवजी नाही. आणि कलम ४(५), ते पाठ करा: दाव्यांची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणालाही उठवता येत नाही.

हे सगळं मांडायला पुरावा लागतो, आणि आमच्या हातात आजाचा जबाब नव्हता. आम्ही डोकं धरून बसलो होतो. आजाची सून भाकरी थापत होती. ती म्हणाली, “काय पाहिजे तुम्हाला? बांधांचं? मला विचारा की.” आम्ही म्हटलं तुला कसं माहीत? म्हणाली, “चाळीस वर्षं त्याच्या मागे दगड कुणी उचलले?”

दुसऱ्या दिवशी ती आम्हाला घेऊन गेली. चौदा बांध. बाराचं तिने सांगितलं, कुणी घातला, कधी, कुणाच्या घरात तेव्हा बाळंतपण होतं, कुणाचा बैल मेला होता. साल तिला सांगता येत नाही, पण बाळंतपण सांगितलं की पोराचा शाळेचा दाखला काढायचा, साल निघतं. दोन बांधांचं म्हणाली, ते माझ्या येण्याआधीचे, पलीकडच्या वस्तीच्या म्हातारीला विचारा. म्हातारीला विचारलं, तिने सांगितलं. वर म्हणाली, इतकी वर्षं येता, चहा घेता, मला पहिल्यांदाच कुणी विचारलं.

तिथे आमची मान खाली गेली. नियमात ‘जाणतं माणूस’ असं आहे आणि आम्ही बारा वर्षं फक्त पटका शोधत फिरलो. लुगड्यातलं जाणतं माणूस समोर चहा ठेवत होतं, ते दिसलं नाही. एक ध्यानात ठेवा, सुनेचा जबाब तिच्या स्वतःच्या घरच्या दाव्याला नाही, शेजाऱ्यांच्या दाव्यांना चालेल. तिच्या दाव्याला शेजारणीचा. म्हणजे एकमेकींनी एकमेकींचं सांगायचं, आणि ते तुम्ही ओढ्यावर रोज करताच. (हशा.)

आणखी काही नावं न घेता सांगायची आहेत. झेरॉक्सवाला, ज्याची उधारी जूनपासून आहे आणि जो कागद मागितला की अजून नाही म्हणत नाही. शाळेतले गुरुजी, ज्यांनी दिवाळीच्या सुट्टीत नकाशे काढून दिले. वस्तीवर राहिलेल्या म्हाताऱ्या, ज्यांनी उसाला गेलेल्यांची पोरं सांभाळली आणि कुणाच्या दोन शेळ्या तर कुणाची गाय चाऱ्यावाचून जगवली. आणि त्या पोराची आई, जी आज आली आहे. आम्ही तिला म्हटलं होतं, नाही आलीस तरी चालेल. तिने सांगितलं, त्याच्या नावाचा दावा आहे, तो कोण चालवणार?

आता कामाचं. भाषण इथेच थांबवतो. आज चार कोऱ्या वह्या आणल्या आहेत. इथे आलेल्या म्हाताऱ्या माणसांनी, आज्यांनी आणि आजोबांनी, टाकीच्या सावलीत बसायचं. परवा शुक्रवारी ज्यांचा दहावीचा शेवटचा पेपर झाला ती आपली चार पोरं-पोरी इथे आहेत, त्यांनी लिहायचं. शुद्धलेखन नंतर बघू. आजी बोलताना मध्ये तोडू नका, गोष्ट लांबली तर लांबू द्या, बैल मेला तेही लिहा. सांगून झालं की वाचून दाखवा, मग अंगठा किंवा सही, खाली दोन साक्षीदार. एप्रिलच्या ग्रामसभेत हे सगळं पुन्हा वाचायचं आहे.

पहिली वही आजाच्या सुनेची. जेवण बारा वाजता. कन्नडची दोनची एसटी ज्यांना धरायची आहे त्यांचे जबाब आधी घ्या.